कोपऱ्यातला लोगो

आज दुपारी रिमोट घेतला, नेहमीचा नंबर दाबला आणि वाटलं, चुकीचा चॅनेल लागला. कोपऱ्यातला जुना लोगो गायब, त्या जागी भडक रंगाचं काहीतरी गरगरतंय. बाबा म्हणाले, "आपलाच आहे रे, फक्त कपडे बदललेत." दहा मिनिटांत तिसऱ्यांदा जाहिराती लागल्यावर मात्र तेही गप्प झाले.

अमेरिकेतल्या टीव्हीवरचं एएमसी आठवलं. १९८४ साली सुरू झालं तेव्हा पूर्ण नाव अमेरिकन मूव्ही क्लासिक्स. जुने सिनेमे, तेही जाहिरातींशिवाय. पुढे जाहिराती घुसल्या, २००२ मध्ये नावातलं 'क्लासिक्स'ही गेलं, उरली नुसती तीन अक्षरं. २००७ मध्ये 'मॅड मेन' आली आणि चॅनेलचं नशीबच पालटलं. मालिका झकास, तक्रार नाही! (अन् विषय काय, तर जाहिरातवाले. घ्या.) तिकडच्याच टर्नर क्लासिक मूव्हीजनं २०२१ मध्ये लोगो बदलला, पण सिनेमा मध्येच तोडायची सवय नाही लावून घेतली.

लोगोचं मला काही नाही हो. पण मघाशी नायिका दारात थांबली, वळली, काहीतरी सांगणार, तेवढ्यात साबण आला. परत आलो तोवर ती निघून गेलेली.