आईनं हात वर केला

काल महापालिकेची पाण्याच्या प्रश्नावरची बैठक आई मोबाईलवर लाइव्ह बघत होती, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जिना उतरवत नाही. नळाचा विषय निघाला अन् तिनं सरळ स्क्रीनसमोर हात वर केला, शाळेतली पोरं करतात तसा, अन् बराच वेळ खाली घेतलाच नाही.

"मले बोलायचं आहे ना बाप्पा, सांग त्याईले."

कसं सांगू? माईक नाही, कमेंट बंद.

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं ३ लाख अन् त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या आणल्या, कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणूनच ना? नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात म्हातारी माणसं बैठकीला कशी जाणार? बैठक लाइव्ह दाखवताच आहात, तर दोन मिनिटं ऐकून घ्यायला काय हरकत आहे?