एवढं टेस्टिंग करता, तरी खराब औषध बाहेर येतंच कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, कारण हा प्रश्न मला लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळीकडे येतो. मी औषध कंपनीत क्वालिटी हेड आहे असं कळलं की आधी "म्हणजे तुम्ही गोळ्या तपासता?" असं विचारतात आणि मग पेपरात कुठल्या सिरपची बातमी आलेली असेल तर लगेच पुढचं, की एवढ्या लॅब, एवढी मशिनं, शेवटी टेस्ट करूनच माल सोडता ना, मग खराब औषध बाहेर येतंच कसं?

खरं उत्तर असं की शेवटच्या टेस्टमध्ये खराब माल सापडेलच याची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, काहींना तर वाटतं मी कंपनीची बाजू घेतेय. पण जरा हिशोब बघा.

समजा दहा लाख गोळ्यांची एक बॅच आहे. त्यातल्या वीस गोळ्या कुटून औषधाचं प्रमाण बघतात, दहा गोळ्या एकेक करून तपासतात की प्रत्येकीत औषध सारखं आहे का, सहा गोळ्या विरघळायला टाकतात. अजून थोड्या इतर टेस्टना. सगळं धरून शंभराच्या आसपास जातील, आणि त्या तपासताना फुटतात किंवा विरघळतात म्हणजे त्या विकताही येत नाहीत, त्यामुळे सगळ्याच तपासायच्या म्हटलं तर विकायला काही उरणारच नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ते बरोबरच आहे, पण सगळा भात एकाच पातेल्यात एकसारखा शिजलेला असेल तरच. पातेल्याच्या एका कोपऱ्यात खडा असेल तर शीत चेपून तो कळत नाही.

इंजेक्शनचं तर अजून अवघड. स्टेरिलिटी टेस्ट असते, म्हणजे जंतू नाहीत ना ते बघायची, त्यात मोठ्या बॅचमधून साधारण वीस व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) घेतात आणि चौदा दिवस ठेवून काही वाढतंय का बघतात. आता समजा बॅचमधल्या शंभरातल्या एका व्हायलमध्ये जंतू आहेत, जे भयानक आहे, तर वीस व्हायलच्या टेस्टमध्ये ते सापडण्याची शक्यता किती? फक्त 18 टक्के. म्हणजे अशी बॅच शंभरातल्या 82 वेळा पास होईल, रिपोर्टवर "कम्प्लाइज", म्हणजे नियमात बसते, असं लिहून येईल आणि लॅबमधल्या पोराची त्यात काडीचीही चूक नसेल. ज्या इंजेक्शनला शेवटी ऑटोक्लेव्हची (प्रेशर कुकरसारखं वाफेचं मोठं मशीन) उष्णता देता येते तिथे आमचं टार्गेट असतं की जंतू राहण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा जास्त नको. हे कुठल्याच टेस्टने सिद्ध होत नाही, ते 121 डिग्री प्रत्येक बाटलीपर्यंत खरंच पोचले का यावरूनच कळतं.

दुसरी गोष्ट, टेस्ट फक्त तेच सांगते जे तुम्ही तिला विचारता. पॅरासिटामॉलचं सिरप तपासलं तर पॅरासिटामॉल किती आहे ते कळेल. ज्यात ते विरघळवलंय त्या ग्लिसरीनमध्ये किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आहे का हे त्या टेस्टला कोणी विचारलंच नाही, तर ती गप्पच बसणार. मुंबईत 1986 ला जे.जे. हॉस्पिटलमध्ये हेच झालं होतं, पेशंटना दिलेलं ग्लिसरॉल (म्हणजे ग्लिसरीनच) औषधाच्या दर्जाचं नव्हतं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, किडन्या निकामी होऊन 14 जण गेले आणि मग न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. जुन्या लोकांना आठवत असेल. हे विष दिसायला, चवीला ग्लिसरीनसारखंच आणि स्वस्त. आता ग्लिसरीनचा ड्रम आला की तो ग्लिसरीनच आहे का हे बघतानाच गॅस क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं मशीन) हे विष शोधतात, मर्यादा 0.1 टक्का. टेस्ट अवघड नाहीये हो. प्रश्न असा आहे की प्रत्येक ड्रममधून सॅम्पल घेतलं का, की सप्लायरचं सर्टिफिकेट बघून "ओळखीचा माणूस आहे" म्हणून सोडलं. आणि 2022 ला आफ्रिकेतल्या गांबियात सिरप पिऊन मुलं गेली तेव्हाही त्यात तेच सापडलं होतं, एवढ्या वर्षांनी.

मग मी दिवसभर काय करते? खोटं कशाला बोलू, कागद वाचते. एका बॅचचा रेकॉर्ड म्हणजे जाडजूड फाइल असते, कुठला माल किती वजन केला, कोणी केला, कोणी बघितला, मशीन किती वेळ फिरलं, आधीच्या प्रॉडक्टची एकही गोळी लाइनवर राहिली नाही ना, सगळ्यावर सही आणि वेळ. आमच्यात म्हणतात, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. पण मला जास्त भीती वाटते ती फारच सुंदर लिहिलेल्या रेकॉर्डची. एकाच पेनाने, एकाच अक्षरात, दर अर्ध्या तासाचं रीडिंग बरोबर अर्ध्या तासाने, एकही खाडाखोड नाही, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नाही? असं असलं की मी खाली प्लँटमध्ये उतरते.

महिनाअखेर तर विचारू नका. 30 तारखेला डिस्पॅचवाल्यांचे फोन, प्रॉडक्शनवाले केबिनबाहेर उभे, "मॅडम एक सही राहिलीय फक्त". त्या एका सहीसाठीच तर पगार देतात ना मला. आणि टेस्ट फेल आली की पहिली सूचना ठरलेली, परत करून बघा. परत केली, पास आली, झालं काम? नाही. 1993 ला अमेरिकेत बार लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीचा खटला झाला होता, तिथे कोर्टाने यावरच बोट ठेवलं की पास येईपर्यंत टेस्ट करत बसायचं आणि फेलचा रिझल्ट विसरायचा हे चालणार नाही, आधी फेल का आलं ते शोधा. तेव्हापासून आमचं अर्धं आयुष्य त्या "का" मध्ये जातं.

आता मूळ मुद्दा. मी आधी ज्या कंपनीत होते (नाव नको) तिथली गोष्ट. रात्रपाळीत पावडर चाळून झाली. चाळणी वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर तपासायची असते, बऱ्याच ठिकाणी ही सही डोळे मिटून होते. त्या ऑपरेटरने उजेडात धरून बघितली तर कडेला जाळी फाटलेली, तारेचा तुकडा गायब. त्याच्यापुढे दोन रस्ते होते, गुपचूप नवीन चाळणी लावायची किंवा लिहायचं. त्याने लिहिलं. सकाळी प्रॉडक्शनचं म्हणणं, पुढे मेटल डिटेक्टर आहे ना, अडकेल त्यात, बॅच चालू द्या. आता ती तार 316 स्टीलची, हे स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि डिटेक्टरला ते पकडणं लोखंडापेक्षा बरंच जड जातं, त्यात बारीक तार आडवी गेली की उभी यावरसुद्धा ती सापडणं अवलंबून असतं. बॅच होल्ड केली, सगळी पावडर परत बारीक जाळीतून काढली, काही तुकडे मिळाले पण जोडून बघितले तर भोक पूर्ण भरेना. शेवटी बॅच नष्ट केली. नुकसान मोठं होतं आणि बोलणी कोणी खाल्ली ते सांगायला नकोच.

पण मला लागलं ते वेगळंच. वरून पहिला प्रश्न आला, "शिफ्टला कोण होता?" म्हणजे ज्याने सांगितलं तोच गुन्हेगार. त्याला मेमो द्यायची तयारी झाली होती. मी अडून बसले, म्हटलं मेमो द्यायचाय तर गेल्या वर्षभरात ज्यांनी त्या चाळणीवर "ओके" लिहिलंय त्या सगळ्यांना द्या, ती एका रात्रीत झिजलेली नाही. मेमो थांबला. पुढच्या काही महिन्यांत आमच्याकडे डेविएशनचे, म्हणजे ठरल्यापेक्षा काही वेगळं झाल्याचे, रिपोर्ट वाढले आणि रिव्ह्यू मीटिंगमध्ये ग्राफ दाखवून मला विचारलं, क्वालिटी खालावलीय का? मी म्हटलं, नाही, आत्ता कुठे आपल्याला कळायला लागलंय. ज्या प्लँटमध्ये वर्षभर एकही डेविएशन नाही तिथलं औषध मी माझ्या आईला देणार नाही, हे तिथेही बोलले होते, आवडलं नाही कोणाला.

इंग्लंडमध्ये 1972 ला डेव्हनपोर्टच्या हॉस्पिटलचं प्रकरण झालं, सलाइनसारख्या ग्लुकोजच्या बाटल्या होत्या, पाच पेशंट गेले. ऑटोक्लेव्हमध्ये खाली हवा अडकली होती, खालच्या बाटल्या तापल्याच नाहीत. स्टेरिलिटी टेस्ट पास. आणि थर्मामीटर तापमान चढत नाही असं दाखवत होता हो! तोच बिघडला असेल असं समजून माणसं पुढे गेली. मी नवीन मुलांना हेच सांगते, माहिती जवळजवळ नेहमी कुठेतरी असतेच, कोणाच्या तरी डोळ्यासमोर.

म्हणून "रूट कॉज ह्यूमन एरर, उपाय रिट्रेनिंग" (मूळ कारण माणसाची चूक, उपाय परत ट्रेनिंग) असं लिहिलेला रिपोर्ट माझ्याकडे आला की मी परत पाठवते. माणूस चुकला तर का चुकला, दोन सारखी लेबलं शेजारी ठेवली होती का, डबल शिफ्ट होती का, एसओपी (काम कसं करायचं त्याच्या लेखी सूचना) इंग्रजीत आणि वाचणारा आयटीआयचा मराठी मुलगा होता का. नवीन शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, आलंय, त्यात रिस्क मॅनेजमेंट वगैरे चांगलं आहे, पण त्याच्या नावाखाली काही ठिकाणी आधी फरशा बदलल्या आणि भिंतीला इपॉक्सीचा गुळगुळीत थर मारला. दिसतं ना ते, म्हणून.

आणि तुमच्याकडूनही एक काम आहे. गोळीचा रंग वेगळा वाटला, पट्टीत एक खण रिकामा निघाला, सिरपच्या तळाशी काही दिसलं, तर फेकून देऊ नका. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि बॅच नंबर असतो, कळवा. प्रत्येक बॅचची राखीव पाकिटं आम्ही एक्स्पायरीनंतरही काही काळ ठेवतो, पूर्ण टेस्टिंग दोनदा होईल एवढी, ती उघडून बघतो, रेकॉर्ड काढतो. पण बॅच नंबरशिवाय मी काहीच करू शकत नाही, आणि आपल्याकडे चार गोळ्या मागितल्या की केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो आणि नंबरचा तुकडा त्याच्याकडेच राहतो. बिल घ्या, त्यावर नंबर असतो. नाहीतर सरळ पूर्ण पट्टी मागा, थोडे पैसे जास्त जातील.