चोर्ला उतरून दोनापावलला, काचेच्या एका थेंबासाठी

शाळेतलं झेंडावंदन आटोपलं आणि दुपारच्या बसनं बेळगावहून निघाले. भाची गोव्यात, पणजीजवळच्या दोनापावलला समुद्रतळाच्या गाळावर संशोधन करते. गेली दोन वर्षं तिचं एकच पालुपद, "मावशी, एकदा येऊन डोळ्यांनी बघून जा." आठवीच्या मुलांना उल्का, ज्वालामुखी आणि ताऱ्यांचे स्फोट शिकवताना मी फळ्यावर आकृत्या काढत आले. त्यातलं काही बोटांच्या चिमटीत धरता येतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

चोर्ला घाटाच्या माथ्यावर, सुर्ल्याच्या आसपास, आपला ओळखीचा काळा कातळ भेटतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याची ही अगदी दक्षिणेकडची कड. तो लाव्हा मुख्यतः भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. मला बघायचं होतं ते याच्या उलट, म्हणजे उडालेलं, फेकलं गेलेलं. घाट उतरून साखळी गावाच्या बाजूला आलं की माती लाल होते. जांभा, चिरेखाणी आणि जोडीला लोहखनिजाच्या खाणी. खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं तर बोट तांबडं झालं. या धुळीनं पुढे मला बराच त्रास दिला.

मुक्काम पणजीत एका आजींकडे होता. रात्री बांगड्याचं हुमण आणि शीत पोटभर जेवून गच्चीवर गेले. पिशवीत चुंबक होताच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो पन्हळीच्या तोंडाशी साचलेल्या मातीतून फिरवला. अवकाशातली धूळ पृथ्वीवर रोज पडत असते आणि तिच्यातले लोखंडाचे कण चुंबकाला लागतात, एवढं वाचून ठाऊक होतं. पिशवी काळ्या कणांनी गच्च भरली. झोप लागेना इतका आनंद झाला.

सकाळी कदंबाची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस पकडून दोनापावलला पोहोचले. टेकाडावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या इमारती, खाली जुवारी नदीचं मुख आणि पलीकडे मुरगाव. ही संस्था १९६६ सालची. भाचीनं आधी माझी पुडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कोपरे असलेले, ओबडधोबड कण. बराच वेळ शोधल्यावर एक गोल गोळी सापडली तेव्हा माझा श्वास अडकला. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, ही वेल्डिंगची ठिणगीही असू शकते. तीही वितळलेलीच उडते आणि हवेत गोल होऊन थिजते. शिवाय गोव्याची धूळ म्हणजे अर्धं लोखंडच. इथं चुंबकाला काय काय लागेल!"

मग तिनं तिचे कण काढले. हिंदी महासागराच्या मध्यभागी, पाच हजार मीटरहून जास्त खोलीवरचा गाळ. किनाऱ्याजवळ नद्या सतत माती आणून टाकतात, पण तिथवर ती फारशी पोहोचत नाही. हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर थर चढतो. त्यामुळे वरून पडलेला कण गर्दीत हरवत नाही. हा गाळ पाण्यात मोकळा करून बारीक चाळणीतून धुतात आणि उरलेल्या चिमूटभर रेतीत डोळे लावून बसतात. खरं संशोधन म्हणजे हे बसणंच, असं माझं मत झालं.

पहिला कण: काळी, चकचकीत गोळी, वर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी. ही अवकाशातून आलेली धूळ. सेकंदाला अकरा किलोमीटरहून जास्त वेगानं वातावरणात घुसते, वितळते, थिजते. अशा गोळ्या समुद्रतळावर पहिल्यांदा सापडल्या त्या चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत.

दुसरा कण बघून मात्र मी खुर्चीवरून उठलेच नाही. मिलिमीटरपेक्षाही लहान असा काचेचा थेंब. फिकट तपकिरी, आरपार दिसणारा, आत दोन बुडबुडे. एका टोकाला निमुळता, जणू आत्ताच टपकला. सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियात कुठंतरी अशनी आदळला. तिथली माती वितळून उंच उडाली, वर थिजली आणि पाऊस पडावा तशी पृथ्वीच्या दहाव्या भागाहून मोठ्या प्रदेशावर पडली. इथल्या शास्त्रज्ञांना हे थेंब हिंदी महासागराच्या गाळात मिळाले आहेत. खड्डा नेमका कुठला, यावर एकमत नाही. लाओसमधल्या बोलावेन पठाराचं नाव पुढे आलं आहे. आपल्या बुलढाण्यात लोणारचा खड्डा डोळ्यांसमोर आहे. इथं शिंतोडे हातात आणि खड्ड्याचा पत्ता नाही! त्या दोन बुडबुड्यांत काय अडकलं असेल, हे मी तिला तीनदा विचारलं.

तिसरी टोबाची राख. सुमात्रातला हा ज्वालामुखी सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला. राख म्हणजे भुकटी असेल अशी माझी समजूत. दिसल्या त्या फुटलेल्या बल्बसारख्या वाकड्या कपच्या. लाव्ह्यातल्या वायूचा फेस होतो, फेस फुटतो आणि उरतात त्या बुडबुड्यांच्या भिंती. जुन्नरकडच्या बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा असाच थर आहे, पण तिच्या वयावरून अजून वाद चालू आहेत. नदी थर उचलते, हलवते, पुन्हा रचते. समुद्रतळावर ती भानगड कमी.

डबा खाताना ताऱ्यांचा विषय निघाला. स्फोट पावलेल्या ताऱ्याचा कण असा दिसत नाही, अणू मोजावे लागतात. ताऱ्यांत तयार होणारा लोखंडाचा किरणोत्सारी प्रकार म्हणजे लोह-६०. त्याचं अर्धायुष्य २६ लाख वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू संपतात. पृथ्वी जन्मली तेव्हाचं सगळं केव्हाच संपलं, म्हणून आज जे सापडतं ते नंतर बाहेरून आलेलं. १९९९ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी पॅसिफिकच्या तळावरच्या लोह-मँगनीजच्या खपलीत ते शोधलं. २०१६ मध्ये हिंदी महासागराचे नमुनेही त्यात आले आणि सुमारे १५ ते ३२ लाख वर्षांपूर्वी शेजारी तारे फुटले असावेत हे चित्र पक्कं झालं. २०१९ मध्ये तर अंटार्क्टिकाच्या वीस वर्षांच्या आतल्या ५०० किलो बर्फातही ते मिळालं. म्हणजे हा वर्षाव आजही चालू आहे! भाचीनं समुद्रतळावर थरावर थर चढून बनणारा एक मँगनीजचा गोटा माझ्या तळहातावर ठेवला. बटाट्याएवढा, काळा. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. १९८१ मध्ये गवेषणी जहाजानं भारतासाठी असा पहिला गोटा अरबी समुद्रातून वर आणला, तोही २६ जानेवारीलाच. आदल्या दिवशी झेंड्याची दोरी ओढलेल्या हातात मी तो बराच वेळ धरून बसले.

माझी गोळी तिनं डबीत घालून परत दिली. अवकाशातल्या लोखंडात असतं तसं निकेल हिच्यात आहे का ते तपासल्याशिवाय काही म्हणता यायचं नाही, म्हणाली. बेळगावात फौंड्र्या भरपूर, तेव्हा गोल कणांना तोटा नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात शाळेच्या पन्हळीखाली घमेलं ठेवायचं, असं आठवीच्या मुलांशी ठरलं आहे. चाळणी मी पणजीच्या बाजारातूनच घेऊन आले.