आयोडीनची कार्डे: पर-आयोडेटचा कप्पा भरला, लॅम्डाचा उघडला

आयोडीनच्या संयुगांची नावे कार्डांवर उतरवण्याचे काम या टप्प्यात दोन ठिकाणी पुढे सरकले. +७ ऑक्सिडीकरण अंकाचा, म्हणजे पर-आयोडेटचा, कप्पा पुरा झाला, आणि कार्बनला जोडलेल्या आयोडीनचा कप्पा (शीर्षकातला लॅम्डा तोच), जो मी इतके दिवस मुद्दाम मागे ठेवला होता, तो अखेर उघडला. शिवाय −१ च्या कप्प्यातली धातूंची कार्डे नव्याने लिहिली. रासायनिक नावांचा छंद ज्यांना माझ्यासारखाच कागद-पेनाने जडला आहे, त्यांच्यासाठी ही नोंद.

नव्याने येणाऱ्यांसाठी पद्धत थोडक्यात सांगते. एका संयुगाला एक कार्ड. वर सध्याचे पद्धतशीर नाव, त्याखाली जुनी आणि बाटल्यांवर दिसणारी नावे, कोपऱ्यात आयोडीनचा ऑक्सिडीकरण अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले वा मिळवले याचा हिशेबी आकडा), तळाशी मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलाचे वजन, आणि मागच्या बाजूला हाताने काढलेली रचना. कार्डे वर्णानुक्रमाने लावत नाही, ऑक्सिडीकरण अंकाने लावते. कंसातल्या रोमन आकड्याच्या जागी देवनागरी आकडा लिहिते, म्हणजे कॉपर(१) आयोडाइड, टिन(४) आयोडाइड असे. आणि एक नियम कडक पाळते: आधी मागची बाजू भरायची, मगच पुढची. रचना कळल्याशिवाय नाव लिहायचे नाही. आयोडीनच्या बाबतीत हा नियम किती कामाचा आहे ते या टप्प्यात पुन्हा पुन्हा दिसले.

पर-आयोडेटपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला आणि सगळ्यात जास्त आनंदही तिथेच मिळाला. क्लोरीनच्या बाजूने येणाऱ्याला वाटते की परक्लोरिक आम्ल जसे एकच, तसे पर-आयोडिक आम्लही एकच असणार. पण आयोडीनचा अणू मोठा आहे. क्लोरीनभोवती चार ऑक्सिजन मावतात, आयोडीनभोवती सहा आरामात बसतात. शेजारच्या टेल्युरियमचेही तसेच, टेल्युरिक आम्लातही मध्यवर्ती अणूभोवती सहा ऑक्सिजन. त्यामुळे +७ वर दोन आम्ले उभी राहतात. एक मेटापर-आयोडिक, त्यात एक हायड्रोजन आणि चार ऑक्सिजन. दुसरे ऑर्थोपर-आयोडिक, त्यात पाच हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन. ऑर्थोमधून पाण्याचे दोन रेणू काढले की मेटा उरते, आणि निर्वात जागी तापवून हे प्रत्यक्ष करता येते. मॅग्नस आणि अमरम्युलर यांनी १८३३ मध्ये पर-आयोडिक आम्ल शोधले, तेव्हापासून ही दोन रूपे अभ्यासकांना सांभाळावी लागली आहेत.

जुन्या पुस्तकांत ऑर्थोच्या जागी ‘पॅरा’ लिहिलेले सापडते. पॅरापर-आयोडेट म्हणजे ऑर्थोपर-आयोडेटच, वेगळे काही नाही. बेन्झिनच्या वलयावर ऑर्थो आणि पॅरा या दोन वेगळ्या जागा असतात, त्या सवयीने इथे दोन वेगळी संयुगे समजू नयेत. माझ्याकडे ‘पॅरा’चे वेगळे कार्ड नाही, ऑर्थोच्या कार्डावरच ते जुने नाव म्हणून टिपले आहे.

आता नुसते ‘सोडियम पर-आयोडेट’ असे लेबल समोर आले तर? मेटा क्षाराचे मोलर वस्तुमान २१३.८९ ग्रॅम. ऑर्थो आयन असलेल्या ट्रायसोडियम डायहायड्रोजन क्षाराचे २९३.८९ ग्रॅम. मधला फरक बरोबर ८० ग्रॅमचा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन मोलांइतका, आणि कागदावर समीकरण मांडले तर मेटा क्षारात नेमके तेवढेच मिळवून हा दुसरा क्षार तयार होतो. ही बेरीज जुळली तेव्हा मला फार समाधान वाटले. नाव अपुरे असले तरी वस्तुमान छापलेले असेल तर ओळख पटते. म्हणून माझे सगळ्यांना सांगणे आहे की पर-आयोडेटच्या कार्डावर वस्तुमान लिहिल्याशिवाय ते कार्ड पुरे धरू नका. मालाप्राद यांनी १९२८ मध्ये दाखवलेली शेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांमधला कार्बन-कार्बन बंध तोडण्याची अभिक्रिया, जी साखरेच्या रसायनशास्त्रात आजही वापरतात, तिचे प्रमाण मोजायचे तर आपल्या हातात कोणता पर-आयोडेट आहे हे आधी कळायला हवे.

पद्धतशीर नावांत ऑर्थोपर-आयोडिक आम्लाचे एक रूप मला विशेष आवडते: पेंटाहायड्रॉक्सिडोऑक्सिडोआयोडीन. लांब आहे, पण प्रामाणिक आहे. पाच हायड्रॉक्सिल, एक ऑक्सिजन, मधे आयोडीन. नाव वाचत वाचत चित्र काढता येते. रोजच्या वापराला मात्र ऑर्थोपर-आयोडिक हेच बरे, आणि रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही ते मान्य ठेवले आहे.

+५ च्या कप्प्यात फारसे नवे नाही. आयोडेट हे आयोडीनचे सगळ्यात शांत ऑक्सिजनयुक्त रूप. निसर्गातही ते लॉटराइट या खनिजात कॅल्शियम आयोडेट म्हणून भेटते. पोटॅशियम आयोडाइड आणि पोटॅशियम आयोडेट या जोडीच्या कार्डांवर यावेळी आयोडीनचा वाटा लिहिला: पहिल्यात वजनाच्या ७६.४ टक्के, दुसऱ्यात ५९.३ टक्के. मीठ आयोडीनयुक्त करायला दोन्ही वापरतात. नावाच्या शेपटीत एवढासा फरक, पण तेवढेच आयोडीन हवे असेल तर आयोडेट सुमारे १.२९ पट तोलावे लागते. आणि हे दोघे आम्लात एकत्र आले की एका आयोडेटमागे पाच आयोडाइड खर्ची पडून मूलद्रव्य आयोडीन बाहेर येते. एकाच मूलद्रव्याची दोन टोके, −१ आणि +५, मधे शून्यावर येऊन भेटतात.

+३ चा, म्हणजे आयोडाइटचा, कप्पा जवळपास रिकामा आहे, आणि तो तसाच राहणार. ‘-आइट’ हा प्रत्यय १७८७ सालच्या नामपद्धतीतून आला. गीतों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फूरक्रॉय यांनी ती मांडली तेव्हा आयोडीन कोणाला ठाऊकच नव्हते. कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करताना त्याची जांभळी वाफ दिसली ती १८११ मध्ये. म्हणजे साचा आधी तयार होता आणि मूलद्रव्य नंतर आले. साच्यात आयोडाइटसाठी जागा आहे, पण आयोडस आम्ल कोणी शुद्ध रूपात बाटलीत भरलेले नाही. हायपोआयोडाइटची गोष्टही तशीच अस्थिर: द्रावणात ते लवकरच आयोडाइड आणि आयोडेटमध्ये विभागले जाते. क्लोरीनच्या बाबतीत सोडियम क्लोराइट आणि सोडियम हायपोक्लोराइट ही दोन्ही रोजची रसायने आहेत. त्या उपमेवर विसंबून आयोडीनचे कार्ड लिहायला बसू नका.

आता ज्या कार्डांवर मी सगळ्यात जास्त रमले ती: −१ ची, धातूंची. आयोडाइड आयन इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो, म्हणून धातूचा वरचा ऑक्सिडीकरण अंक त्याच्या सहवासात टिकेलच असे नाही. तांब्याच्या +२ क्षाराच्या द्रावणात आयोडाइड घातले की कॉपर(२) आयोडाइड मिळत नाही. कॉपर(१) आयोडाइडचा पांढरा साका बसतो आणि आयोडीन मोकळे होते. त्या मोकळ्या आयोडीनचे थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करून तांबे किती होते ते मोजतात, याला आयोडोमेट्री म्हणतात. आयोडीनचे द्रावण थेट ब्युरेटमध्ये घेऊन केले तर ती आयोडिमेट्री. निसर्गातले कॉपर(१) आयोडाइड म्हणजे मार्शाइट खनिज, त्याचेही नाव कार्डावर टिपले.

आणि थॅलियम! एका थॅलियमला तीन आयोडीन, असे सूत्र पाहून हात आपोआप ‘थॅलियम(३) आयोडाइड’ लिहायला जातो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे बरोबर ठरले असते. पण या घन पदार्थाची रचना सीझियम ट्रायआयोडाइडसारखी आहे. आत थॅलियमचा +१ आयन आहे आणि त्याच्यासोबत तीन आयोडीन अणूंची एक सलग साखळी, जिच्यावर मिळून एकच ऋणभार. तेव्हा बरोबर नाव थॅलियम(१) ट्रायआयोडाइड. सूत्र तेच, अणू तेवढेच, नाव वेगळे, कारण इलेक्ट्रॉन वेगळ्या जागी आहेत. याहून सुंदर गोष्ट म्हणजे आयोडाइड जास्त प्रमाणात घातले की टेट्राआयोडिडोथॅलेट(३) आयन तयार होतो, त्यात थॅलियम खरोखरच +३ असते. आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये कंसात आकडा लिहिण्याची पद्धत सुचवली. तिची गरज मला या दोन कार्डांवर जितकी पटली तितकी दुसरीकडे कुठेच नाही.

वरच्या नावात ‘आयोडिडो’ लिहिले आहे याकडे लक्ष द्या. आययूपॅकच्या २००५ च्या शिफारशींपासून धातूला जोडलेल्या आयोडाइडला ‘आयोडो’ऐवजी ‘आयोडिडो’ म्हणतात. अमोनिया ओळखायच्या नेसलरच्या अभिकर्मकातला पारा असलेला क्षार पूर्वी पोटॅशियम टेट्राआयोडोमर्क्युरेट(२) होता, आता टेट्राआयोडिडोमर्क्युरेट(२). कार्बनी संयुगांत मात्र ‘आयोडो’ कायम आहे. मला हा भेद उपयोगी वाटतो. नाव वाचतानाच कळते की आयोडीन धातूला चिकटले आहे की कार्बनला.

अधातूंच्या बाजूला क्रमाचा प्रश्न येतो. नायट्रोजन ट्रायआयोडाइडमध्ये नायट्रोजनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) ३.०४ आणि आयोडीनची २.६६, तरी ‘-आइड’ आयोडीनलाच लागतो. कारण नावातला क्रम मोजलेल्या विद्युतऋणतेवर नाही, ठरवून दिलेल्या एका मालिकेवर चालतो, आणि तिच्यात हॅलोजन, म्हणजे क्लोरीन-आयोडीनच्या कुटुंबातली मूलद्रव्ये, सगळ्यांत शेवटी येतात. (अमोनियापासून जे करतात ते खरे तर अमोनियाशी जोडलेले रूप असते, नुसते ट्रायआयोडाइड प्रथम १९९० मध्ये मिळाले. स्पर्शाने फुटणारा पदार्थ आहे, त्याचे कार्डच ठेवावे.) २००५ पासून ऑक्सिजनही हॅलोजनच्या आधी येतो. त्यामुळे डायआयोडीन पेंटॉक्साइड नियमाने पेंटाऑक्सिजन डायआयोडाइड होते. नियम कळला, कार्डावर लिहिलाही, पण वर ठेवले आहे ते जुनेच नाव. हे आयोडिक आम्लातून पाणी गेल्यावर उरणारे ऑक्साइड आहे, कार्बन मोनॉक्साइडचे डायऑक्साइड करून स्वतः आयोडीन सोडते, आणि त्याचे हे सगळे वागणे ‘ऑक्साइड’ या शब्दात दिसते. ‘डायआयोडाइड’ वाचून ते दिसत नाही. इथे नियमापेक्षा रसायनाची बाजू घ्यावी असे माझे मत आहे.

आता नवा कप्पा. सोपी कार्डे भराभर झाली: आयोडोमीथेन, आयोडोबेन्झिन, आयोडोफॉर्म म्हणजे ट्रायआयोडोमीथेन, जे सेर्युला यांनी १८२२ मध्ये तयार केले. खरे काम सुरू होते ते आयोडीन एकाहून जास्त बंध करते तिथे. विलगेरोड्ट यांनी १८८६ मध्ये आयोडोबेन्झिनवर क्लोरीन सोडून पिवळे स्फटिक मिळवले, त्यात आयोडीनला बेन्झिनचे वलय आणि दोन क्लोरीन जोडलेले. जुने नाव आयोडोबेन्झिन डायक्लोराइड. हे वाचून क्लोरीन कुठे आहेत, आयोडीनवर की वलयावर, ते कळत नाही. (डायक्लोरोआयोडो)बेन्झिन म्हटले की कंसामुळे कळते. आणि डायक्लोरो(फेनिल)-लॅम्डा-३-आयोडेन म्हटले की आयोडीनचे बंध तीन आहेत हेही नावातच येते. लॅम्डा या ग्रीक अक्षराच्या डोक्यावरचा आकडा बंधांची संख्या सांगतो. तो ऑक्सिडीकरण अंक नव्हे, दोन्ही आकडे कार्डावर वेगवेगळ्या जागी लिहा. नेहमीचा एक बंध असेल तर लॅम्डा लिहीत नाहीत.

एक ऑक्सिजन जोडलेले आयोडोसिलबेन्झिन, दोन जोडलेले आयोडिलबेन्झिन. जुन्या लेखांत यांनाच आयोडोसो आणि आयोडॉक्सी म्हटलेले असते. आयबीएक्स या लाडक्या ऑक्सिडीकारकाचे नाव अजूनही २-आयोडॉक्सीबेन्झोइक आम्ल असेच चालते. नाव ऐकून वलयावर एका जागी कार्बोक्सिलिक गट आणि शेजारी आयोडीन असे दोन सुटे गट डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात आम्लाचा ऑक्सिजन आयोडीनला जोडला जाऊन पाच अणूंचे वलय मिटलेले असते. त्याचे भावंड, १९८३ मध्ये डेस आणि मार्टिन यांनी दिलेले परआयोडिनेन, त्यातही तेच वलय, आणि आयोडीनवर तीन ॲसिटेट गट, मिळून बंध पाच, म्हणून लॅम्डा-५. गंमत म्हणजे आययूपॅकच्या लॅम्डा पद्धतीच्या शिफारशीही १९८३ च्याच. नावातला ‘पर’ पाहून हे कार्ड +७ च्या कप्प्यात टाकू नका. पर-आयोडेटशी त्याचे नाते नाही.

आयोडोनियम क्षारांची कार्डे अजून कोरी आहेत. डायफेनिलआयोडोनियमपासून सुरुवात करीन. त्यानंतर थायरॉइडची संप्रेरके घ्यायची आहेत, त्यांच्या मागच्या बाजू काढूनही झाल्या. थायरॉक्सिनमध्ये चार आयोडीन, म्हणून टी-४. टी-३ मध्ये तीन. पण या रेणूत दोन वलये असतात: मागच्या वलयावरच्या ३, ५ आणि समोरच्या वलयावरच्या ३ या जागी आयोडीन असले तर ते शरीरात काम करणारे संप्रेरक, आणि मागच्या वलयावर एक, समोरच्या वलयावर दोन असले तर रिव्हर्स टी-३, ज्याला ते काम जमत नाही. ‘ट्रायआयोडोथायरोनिन’ दोघांनाही लागू पडते. तेव्हा त्या कार्डांवर स्थानांक आधी लिहिणार, नाव नंतर.