बोंबलाचे दात

सातवीच्या शास्त्राच्या पुस्तकात ‘जोड्या लावा’ होतं. एकीकडे बदक, गरुड, सुतारपक्षी आणि दुसरीकडे चपटी, बाकदार, टोकदार चोच. ते घोकून पाचपैकी पाच मिळवले असते आणि सुट्टीत विसरलो असतो. पण आम्हाला शास्त्राला बाई होत्या, आणि बाईंचं नुसत्या पुस्तकावर भागत नसे.

१९९८च्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी त्या बाजारातून थेट शाळेत आल्या, हातात मासळीची पिशवी. प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये सुरमई, लेप आणि बोंबील मांडले गेले. पुढच्या बाकावरच्या शाकाहारी मंडळींनी नाकाला रुमाल लावले. एरवी शेवटच्या बाकावर बसणारी कोळीवाड्यातली पोरं मात्र ट्रेला चिकटून उभी. बाईंनी नावं विचारलीच नाहीत. “हा राहतो कुठे, खातो काय, आणि ते कशावरून?” एवढंच विचारलं.

सुरमईच्या पाठीवरचा पर बोटाने दाबला की खाचेत गडप होतो. अंग निमुळतं, शेपटीचा देठ बारीक. पळणाऱ्या भक्ष्यामागे पळायचं तर पाण्याला अडेल असं काही अंगावर ठेवून चालत नाही.

लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला! पिल्लू असताना ते दोन बाजूंना असतात, मग एक डोळा हळूहळू पलीकडे सरकतो आणि मासा तळाच्या वाळूत आडवा पडून राहायला लागतो. “खालचा डोळा वाळूत जाऊन उपयोग काय, म्हणून तो वर आला,” असं रुमालवाल्यांपैकीच एक मुलगी म्हणाली. बाई खूश झाल्या, पण सोडलं नाही. “ठरवून नाही आला हं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा थोडा जास्त सरकला, ते जास्त जगले.” डार्विनचं नाव आम्हाला पुढे दहावीत कळलं.

मग बोंबील. इतका मऊ, लिबलिबीत मासा, त्याला कसले दात! बाईंनी त्याच्या तोंडात बोट घालायला लावलं. बोट सहज गेलं, बाहेर काढताना मात्र अडकलं. सुईसारखे दात, सगळे आत वळलेले. आत गेलेली कोळंबी परत यायची नाही. आजही बाजारात मी बोंबलाचा जबडा उघडून बघतो. मावशी वैतागून म्हणते, “दादा, दात काय बघता, घोडा घेताय का?”

त्याच तासाला मागून एक पोरगा म्हणाला, “बाई, निवटी बघितली का? मासा असून चिखलात चालते.” पुढच्याच आठवड्यात वर्ग शिवडीच्या जेट्टीवर. निवटी पुढच्या दोन परांवर अंग रेटत सरपटत होती, डोळे डोक्याच्या वर. कातडी ओली असेपर्यंत ती पाण्याबाहेरही श्वास घेते. पलीकडे रोहित पक्षी चोच उलटी करून चिखलात बुडवत होते. जीभ पंपासारखी पाणी आत ओढते, बाहेर ढकलते आणि चोचीच्या कडेच्या जाळीत शेवाळ अडकतं. त्यांचा मागे वाकणारा ‘गुडघा’ खरं तर घोटा असतो, हेही तिथेच कळलं.

आता या ठाणे खाडीच्या वरच्या भागाला २०१५पासून अभयारण्याचा आणि २०२२पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे. शिवडीतून अटल सेतूही निघाला. आत्ताच्या सातवीला न्यायचं असेल तर पावसाळ्याआधी, भरतीचं वेळापत्रक बघून न्या. पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब असतात. पाणी चढायला लागलं की चिखल आकसतो आणि ते किनाऱ्याकडे सरकतात. दुर्बीण शाळेच्या कपाटात असेलच.