वीस हजारांत काय बदलायचं?

कॉम्प्युटरचं कॅबिनेट माझ्या दुकानातल्या टेबलावर टेकायच्या आधीच पोरगं म्हणालं, "दादा, आर एक्स 6600 ग्राफिक्स कार्ड घालायचं." मागं वडील उभे, वीस हजारांची तयारी करून आलेले. त्रास काय होतोय ते आमच्या गिऱ्हाइकाला विचारावं लागतं. काय विकत घ्यायचं ते मात्र यूट्यूब बघून ठरलेलं असतं. बऱ्याच दुकानदारांना तेच बरं वाटतं. कार्डानं बिल फुगतं.

आत रायझन 3 2200जी प्रोसेसर, ए320 चा मदरबोर्ड, 8 जीबीची एकच रॅम, जीटीएक्स 1650 कार्ड आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला पॉवर सप्लाय. त्याच्या स्टिकरवर ठळक 450 वॉट, आणि खाली बारीक अक्षरांत 12 व्होल्टपुढं 16 अँपिअर. गुणाकार करा: 192 वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींची भूक 12 व्होल्टवरच भागते, बाकीचे वॉट शोभेचे. असला सप्लाय एका हातात आणि चांगला दुसऱ्या हातात दिला की वजनावरूनच माणूस गप्प होतो. 6600 एकटं 132 वॉट खातं. ह्या डब्यावर ते मी लावणार नव्हतो. आधीच्या एका दुकानात "चालतंय की" असं सांगितलं होतं म्हणे. चाललंही असतं, जळेपर्यंत.

"खेळतोस काय?"

"व्हॅलोरंट. समोर तीनचार जण आले की अडकतंय."

आधी विंडोजचं डिस्प्ले सेटिंग बघितलं. मॉनिटर 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा, चालवत होता 60 वर. हे इतक्या जणांचं असतं की आता हसूही येत नाही. ते फुकटात झालं. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावून खेळायला बसवलं. प्रोसेसर 100 टक्क्यांना टेकलेला, कार्ड पन्नाशीच्या आसपास निवांत. सेकंदाला फ्रेम, म्हणजे चित्रं, 120, पण गोळीबार सुरू झाला की थेट 60. दुकानातलं 6600 माझ्या सप्लायवर जोडून दिलं. तेच 120, तेच 60. पोराचा चेहरा उतरला. पुन्हा त्याचं 1650 लावून रॅमची दुसरी 8 जीबीची स्टिक बसवली, तर पडझड 75 वर थांबली. एका स्टिकला 64 बिटांचा रस्ता मिळतो, दोघींना मिळून 128. पण कंपन्या आणि दुकानदार एकच घालून "8 जीबी" म्हणून विकतात. शेवटी त्याचं कार्ड आणि दोन्ही स्टिक माझ्या टेस्ट बोर्डवर नेल्या. त्यावर रायझन 5 5600 प्रोसेसर बसवलेला असतो. फ्रेम दोनशेच्या वर, आणि गर्दीतही 140 च्या खाली नाही.

माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. वडील फोन घ्यायला बाहेर गेले, तसं पोरगं हळूच म्हणालं, "दादा, सायबरपंक पण लावून बघूया?"

माझ्या टेस्टच्या एसएसडीवर तो गेम होताच. 5600 आणि 1650: जेमतेम 30, कार्ड 99 टक्क्यांवर घामाघूम. त्याचा जुना प्रोसेसर आणि 6600: अडखळत का होईना, 45. पोरानं फक्त माझ्याकडं बघितलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतंच. त्यानं गेम दुसरा सांगितला होता.

वडील आत आले. "काय ओ मालक, मग घालायचं काय?"

मी जे दिसलं ते सांगितलं. व्हॅलोरंटसाठी प्रोसेसर, मोठे गेम खेळायचे असतील तर कार्ड. दोन्ही ह्या पैशात बसत नाही. ते पोराकडं वळले. "कुठला खेळतोस तू?"

"व्हॅलोरंटच," पोरगं म्हणालं.

"मग झालं. 144 ची स्क्रीन घेऊन दिलीय, ती तरी वापरात येऊ दे."

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. मोजलं मी बरोबर, पण प्रश्न कुणाचा होता?

काम मात्र मन लावून केलं. ए320 वर 5600 चालवायचा तर बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, आधी अपडेट करावा लागतो, तोही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा आधी बसवला तर स्क्रीनच येत नाही. मध्येच लाईट गेली तर बोर्ड गेला, म्हणून यूपीएसशिवाय मी ह्याला हात लावत नाही. मग हीटसिंक, प्रोसेसर थंड ठेवणारा, पेस्ट लावून त्यावर बसवलेला. वाळलेली पेस्ट सिमेंटसारखी धरते. आमच्या लाईनीतली नवी पोरं सरळ वर ओढतात आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, 1331 पिनांसकट. आधी दहा मिनिटं गेम चालवून गरम करायचा, बंद करायचा, हीटसिंक डावी-उजवीकडं हळू पिळायचा आणि मगच उचलायचा. पहिल्या चालूला एफटीपीएमची काळी पाटी येऊन थांबली: प्रोसेसर बदलला की त्यातली सुरक्षेची जागा नव्याने सुरू करू का, असं ती विचारते. काकांना वाटलं, गेलं मशीन. मी वाय दाबला.

राहिला सप्लाय. 1650 साठी चांगला 450 पुरला असता. मी रॅकवरून 550 चा काढला, 6600 सारख्या कार्डाला लागणारी 6+2 पिनची वायर असलेला.

"आधी 450 होता ना? मग हा मोठा कशाला?" काकांनी विचारलं.

"पुढं काही घालायचं झालं तर असू दे."

"पुढं काय घालायचंय?"

पोरगं एकदम वाकून मॉनिटरची वायर गुंडाळायला लागलं. मी बिल करायला घेतलं.