भंडारदऱ्याला तंबू, पण कमोडसकट

आमच्याकडे ट्रिप ठरते तेव्हा आधी ग्रुपवर फोटो पडतात, मग तारखांची भांडणं होतात आणि टॉयलेटचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, तोही निघायच्या आदल्या रात्री. यावेळी मी पहिलाच मेसेज टाकला की जिथे कमोड नाही ती जागा कॅन्सल, सूर्यास्त कितीही भारी दिसू दे. कारण यावेळी सासूबाई येतायत, म्हणजे त्यांनीच जाहीर केलंय "मी पण तंबूत येणार" आणि त्यांचे दोन्ही गुडघे डॉक्टरांच्या यादीत आहेत. तरण्याताठ्या माणसांना काय, कुठेही ढकला, प्लॅन करायचा तो ज्याला सगळ्यात जास्त त्रास होणार त्याच्या हिशोबाने, बाकीचे आपोआप त्यात बसतात.

जागेवरून दोन दिवस धुमशान. मुलांना पवना पाहिजे होतं, जवळ आहे, रील्स आहेत. माझं मत स्पष्ट आहे, पवनेला शनिवारी रात्री तळ्याकाठी झोपणं म्हणजे शेजारच्या चार कॅम्पची गाणी एकदम ऐकणं. मुळशीवर कुणी फार जीव टाकला नाही. शेवटी भंडारदरा. पुण्याहून लांब पडतं, साधारण पाच तास धरायचे, पण एक रात्र बाहेर काढायचीय तर जरा लांब जाऊनच काढावी ना. शिवाय धरण स्वतःच बघण्यासारखं आहे, 1910 ला काम सुरू झालं आणि 1926 ला पूर्ण झालं, म्हणजे शंभरीला टेकलंय, अजून प्रवरेचं पाणी अडवून खाली नगर जिल्ह्यातल्या उसापर्यंत पोचवतंय.

आता भावजींची कॅराव्हॅन. त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं माहीत नाही, पण "आईसाठी बेस्ट, आतच बेड, आतच टॉयलेट" असं करत करत त्यांनी दोन ठिकाणी फोन पण लावले. मी आधी हसले, मग जरा विचार केला, कल्पना वाईट नाहीये. महाराष्ट्र सरकारने 2021 ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, भाड्याने गाड्या मिळतात, ड्रायव्हरसकट. पण भंडारदऱ्याच्या तळ्याला वळसा घालणारा जो रस्ता आहे ना, शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी, तो बऱ्याच ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून एसटी आली की साध्या कारलासुद्धा खाली उतरावं लागतं. त्यात कॅम्प बहुतेक लोकांच्या भातखाचरात, कापणी झाली की तिथे तंबू लागतात, बांध आणि उतार सगळीकडे, एवढी मोठी गाडी सपाट उभी करायची कुठे? आणि मी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला की आतल्या टॉयलेटची टाकी रिकामी कुठे करायची? परदेशात त्यासाठी कॅम्पग्राउंडवर वेगळी सोय असते, इथे तसं काही नाही आणि तळ्याच्या आसपास कुठेतरी ओतून देणार असाल तर मी येत नाही. भावजी गप्प. कॅराव्हॅन बाद.

मग तोडगा निघाला तो असा की कॅम्पच्या शेजारीच ज्यांचं घर आहे असे गावकरी शोधायचे. आईंना त्यांच्याकडे पक्की खोली, पलंग आणि कमोड, बाकी आपण पन्नास पावलांवर तंबूत. संध्याकाळ सगळ्यांची शेकोटीपाशी, झोपायला जो तो आपापल्या जागी. आईंना हे सांगितल्यावर त्यांचं उत्तर, "मी तंबूत झोपून बघणार, नाही जमलं तर खोली आहेच." म्हणजे खोली बॅकअप. ठीक आहे.

फोनवर मी जे विचारत होते ते लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल. टॉयलेट किती आणि किती माणसांत, रात्री तिथे लाइट असतो का, तंबू पाण्यापासून किती लांब आहेत, स्पीकर किती वाजता बंद करता, बोटीत सगळ्यांना लाइफ जॅकेट देता का आणि लहान मुलांच्या मापाची आहेत का. शेवटच्या प्रश्नावर एकाने "मॅडम, काही होत नाही" असं उत्तर दिलं, तिथेच फोन ठेवला. धरणाचं पाणी नदीसारखं वाहताना दिसत नाही म्हणून लोकांना ते साधं वाटतं, पण काठ एकदम खोल जातो, खाली चिखल असतो, पाय अडकला की पोहता येणारा पण गडबडतो. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धरणावर पुण्या-मुंबईची पोरं बुडाल्याची बातमी असतेच. त्यामुळे आमचा नियम ठरलाय, पाण्यात उतरायचं नाही, पाय बुडवायचे तर मोठं माणूस सोबत पाहिजे आणि त्या मोठ्या माणसाने संध्याकाळी ग्लास हातात घेतला की त्याची ड्युटी संपली, दुसऱ्याने घ्यायची. भावजींनी यावर थंब्सअप दिलाय, बघू.

तंबू अगदी पाण्याला चिकटून नको हे मुलांना पटत नाहीये. फोटो छान येतो मान्य, पण डिसेंबरात पहाटे सगळी थंडी आणि धुकं तिथेच साचतं, आणि दव इतकं पडतं की बाहेर राहिलेले बूट सकाळी पिळून काढावे लागतात. जरा वर, पाठीला झाडं असलेली जागा बरी. स्लीपिंग बॅग कॅम्पवाले देतात, तरी घरची गोधडी न्यायचीच, खाली घालायला एक आणि वर एक, कारण थंडी जमिनीतून येते. आणि स्वतःच्या मनाने रानात कुठेही तंबू ठोकायचा नाही, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते.

तारखेची गंमत वेगळीच. मला चांदण्या बघायच्या होत्या म्हणून मी कालनिर्णय काढून अमावस्येचा शनिवार काढला. आईंनी चष्म्यावरून बघितलं फक्त. "अमावस्येला? पोरंबाळं घेऊन? उघड्यावर?" विषय संपला. त्याच्या पुढचा शनिवार ख्रिसमसच्या गर्दीत, तेव्हा तिकडे पाऊल ठेवायला जागा नसते. म्हणून आदला शनिवार घेतला, 13 डिसेंबर, वद्य नवमी, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो म्हणजे तोपर्यंत आकाश काळंकुट्ट, आणि मिथुन राशीतला उल्कावर्षाव नेमका त्याच रात्री जोरात असतो! अमावस्येपेक्षा भारी निघालं हे, पण आईंना सांगितलं नाहीये, क्रेडिट घेतील.

फक्त मार्गशीर्ष आहे. म्हणजे आमच्याकडे महिनाभर नॉनव्हेज बंद आणि कॅम्पचं पॅकेज म्हणजे बार्बेक्यू चिकन, सगळीकडे. जाऊबाईंचा चेहरा पडला होता. पण चंपाषष्ठी होऊन गेलेली असेल, म्हणजे वांगं चालतं, मग निखाऱ्यावर वांगी भाजून भरीत, त्यावर कच्चा कांदा आणि कोथिंबीर, ज्यांच्याकडे उतरतोय त्या काकू तांदळाची भाकरी आणि झणझणीत पिठलं करणार आहेत. पनीरचे तुकडे काडीला लावून खायचे असतील त्यांनी खावेत, माझी हरकत नाही.

पहाटे साडेपाचला निघायचं, चाकण सातच्या आत पार नाही झालं तर पुढचं सगळं गणित बिघडतं. आळेफाट्यावरून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. राजूरला पेढे घ्यायचे, तिथेच पेट्रोल टाकी फुल करायची आणि एटीएममधून कॅश काढायची, कारण पुढे रेंज येते-जाते, आणि क्यूआर कोड समोर धरून पैसे जाईनात म्हणून उभं राहायला लागणं नको. ग्रामीण रुग्णालयही राजूरलाच आहे, तेवढं लक्षात ठेवलंय. वाटेत रंधा धबधबा लागतो, पण डिसेंबरात वरून पाणी सोडलं असेल तरच तो दिसण्यासारखा, त्यामुळे मुलांना आधीपासून काही कबूल करायचं नाही.

रविवारी सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. दगडी कोरीवकाम बघत तास कसा जातो कळत नाही, बाजूला पुष्करणी आहे, आणि गाडी अगदी जवळपर्यंत जाते म्हणून आईंना चालावं लागत नाही. रतनगडावर जायचं खूळ पुतण्याच्या डोक्यात आहे. त्याला सांगितलंय, अकरापर्यंत खाली आलास तर आमच्याबरोबर, नाहीतर संध्याकाळच्या एसटीने ये.

गोधड्या माझ्याकडे, टॉर्च आणि सेल भावजींकडे, औषधांचा डबा जाऊबाईंकडे. वांगी कोण आणणार हे अजून कुणी बोललं नाहीये.